राज्य कोणाचे? निजामी मराठवाड्यातील मुलांचे नागरिकशास्त्र

१/ इयत्ता आठवीच्या नागरिकशास्त्राचा आरंभ संसदीय शासनपद्धतीच्या ओळखीने होतो. तुलनेसाठी तेथे अमेरिकेची अध्यक्षीय पद्धती येते : राष्ट्राध्यक्ष, काँग्रेस, सर्वोच्च न्यायालय. नांदेड-लातूरकडची तेरा वर्षांची मुले हे भेद पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरतात. याच मुलांच्या पणजोबांच्या बालपणी मात्र ‘मंत्री कोणाला उत्तर देतो?’ हा प्रश्न उघडपणे विचारणाऱ्याला तुरुंगाची तयारी ठेवावी लागे. त्या काळी मराठवाड्यात नागरिकशास्त्र कोणी, कोठे आणि कसे शिकवले, त्याचा हा धागा.

२/ आधी चौकट. १९४१ च्या जनगणनेनुसार हैदराबाद संस्थानची लोकसंख्या सुमारे १ कोटी ६३ लाख होती. तेलुगू, मराठी, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषांचा हा मुलूख. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. स्वतंत्र लातूर जिल्हा १९८२ चा. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके तर १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. आजच्या नकाशावर त्या काळाचा इतिहास शोधू गेल्यास वाट चुकते, ती येथेच.

३/ खेड्यातल्या मुलाला ‘शासन’ दिसे ते माणसांच्या रूपात. गावात माली पाटील आणि पोलीस पाटील. तालुक्याला तहसीलदार आणि फौजदारीचा अमीन. जिल्ह्याला अव्वल तालुकदार, म्हणजे आजचा जिल्हाधिकारी. त्यावर औरंगाबादेस सुभेदार, हैदराबादेस सदर-ए-आझम, आणि सर्वांच्या वर आलाहजरत मीर उस्मान अली खान. कागद उर्दूत, साल फसली, नाणे हाली. ही शिडी प्रत्येक मुलाला ठाऊक होती. मात्र तिच्या कोणत्याही पायरीवर त्याच्या आईबापाच्या मताला जागा नव्हती.

४/ एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. हे राज्य निव्वळ मनमानीचे नव्हते. १९१९ मध्ये ‘बाब-ए-हुकूमत’ नावाचे कार्यकारी मंडळ स्थापन झाले. १९२१ मध्ये न्यायखाते कार्यकारी सत्तेपासून वेगळे केले गेले. ब्रिटिश हिंदुस्थानात ही मागणी त्या वेळी अपूर्णच होती. छोटेसे कायदेमंडळही होते, पण त्यात सरकारी आणि नियुक्त सदस्यांचे वर्चस्व. कागदावर पाहिले तर कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायव्यवस्था ही तिन्ही अंगे हजर होती. मग उणीव कशाची होती?

५/ अमेरिकेचे उदाहरण येथे कामाला येते. फिलाडेल्फियात १७८७ मध्ये जमलेल्या मंडळींनीही सत्तेची तीन अंगे केली. पण प्रत्येक अंगाला दुसऱ्याला अडवण्याचा अधिकार दिला. राष्ट्राध्यक्ष विधेयक नाकारू शकतो, काँग्रेस तो नकार दोनतृतीयांश मतांनी मोडू शकते, आणि १८०३ च्या मार्बरी खटल्यापासून न्यायालय घटनाबाह्य कायदा रद्द करू लागले. हैदराबादेत तिन्ही अंगे एकाच फर्मानातून जन्मली होती आणि एका फर्मानाने मिटू शकत होती. त्यांनी एकमेकांना अडवले तरी वर बसलेल्याला अडवणारे कोणी नव्हते.

६/ म्हणून मुलांना कोणतीही शासनपद्धती शिकवताना तीन प्रश्न पुरेसे ठरतात. राज्य कोणाचे? राज्यकर्त्याला अडवणार कोण? आणि या व्यवस्थेत ज्याला जागाच नाही, असा कोण? अमेरिका, हैदराबाद, भारत, कोणत्याही राज्यघटनेला हे प्रश्न लागू पडतात. निजामी मराठवाड्यात पहिल्या प्रश्नाला तीन निरनिराळी उत्तरे दिली जात होती, आणि त्या तीन उत्तरांच्या संघर्षातून या प्रदेशाचा आधुनिक इतिहास घडला.

७/ पहिले उत्तर सरकारी शाळेचे. राज्य आलाहजरतांचे, प्रजेने निष्ठा ठेवावी, त्यांच्या दीर्घायुष्याची प्रार्थना गावी. प्राथमिक वर्गांच्या पुढे शिक्षणाचे माध्यम उर्दू. १९१८ मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ हा देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा मोठा प्रयोग होता आणि त्याचे श्रेय नाकारता येत नाही. पण मराठी, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य मुलांना ती ‘देशी’ भाषाही शाळेत जाऊनच शिकावी लागे. ज्या भाषेत अर्ज लिहायचा ती भाषाच परकी, तर हक्काचा उच्चार कोणत्या शब्दांत करायचा?

८/ या शाळेला पर्याय होता तो खाजगी शाळांचा : देवळात, ओसरीवर, कोणाच्या तरी वाड्यात भरणाऱ्या. त्यांवरही सरकारची नजर असे. खाजगी शाळा काढायची तर परवानगी लागे. सार्वजनिक सभेसाठी ‘गश्ती निशाण ५३’ या हुकमान्वये आधी मंजुरी घ्यावी लागे. सभा नाही, संघटना नाही, वृत्तपत्रांवर बंधने; अशा स्थितीत राजकारण शिकवण्याची जागा उरली ती शाळाच. गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय (१९०७), हैदराबादचे विवेकवर्धिनी, औरंगाबादचे सरस्वती भुवन ही नावे म्हणूनच शिक्षणाच्या इतिहासाइतकीच राजकीय इतिहासातही येतात.

९/ या मालिकेतले विलक्षण नाव हिप्परग्याचे. उस्मानाबाद जिल्ह्यातील या खेड्यात १९२१ मध्ये, असहकाराच्या वातावरणात, राष्ट्रीय शाळा निघाली. पुढे तेथे एक तरुण शिक्षक आला : व्यंकटेश खेडगीकर. जन्म १९०३, सिंदगी, विजापूर जिल्हा. कामगार नेते ना. म. जोशी यांच्याकडे त्याने सचिव म्हणून काम केले होते आणि टिळक विद्यापीठात लोकशाहीच्या वाटचालीवर प्रबंध लिहिला होता. संन्यास घेतल्यावर हाच तरुण स्वामी रामानंद तीर्थ झाला.

१०/ या तपशिलाकडे सहसा लक्ष जात नाही. लोकशाहीचा अभ्यास केलेला माणूस मुंबई-पुण्याची वाट सोडून, जेथे लोकशाहीचा मागमूस नव्हता अशा संस्थानातल्या खेड्यात मुलांना शिकवायला आला. १९३५ मध्ये तो अंबाजोगाईच्या योगेश्वरी नूतन विद्यालयाचा मुख्याध्यापक झाला. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी सोबत होते. गुरुजी मुलांसोबत राहत, सूत कातत. जातीने, हुद्द्याने आणि वयाने मोठ्यापुढे मान खाली घालण्याची सवय असलेल्या समाजात हे सहजीवन हाच मोठा पाठ होता.

११/ १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसची स्थापना ठरली आणि रीतसर काम सुरू होण्यापूर्वीच तिच्यावर बंदी आली. तिची मागणी एका शब्दसमूहात मावणारी होती : ‘जबाबदार राज्यपद्धती’. निजामाला हटवा असे तेव्हा कोणी म्हणत नव्हते. मंत्र्यांनी निवडून आलेल्या कायदेमंडळाला उत्तर द्यावे, एवढेच म्हणणे होते. राजा राहो, पण दिवाणाचा कान लोकांच्या हाती असो.

१२/ ‘जबाबदार’ हा शब्द नीट उलगडला तर अर्धे नागरिकशास्त्र शिकवून होते. इंग्लंडमध्ये आणि आज भारतात मंत्रिमंडळ कनिष्ठ सभागृहाला जबाबदार असते; विश्वास गेला की सत्ता गेली. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष काँग्रेसच्या विश्वासावर टिकून नसतो. त्याची मुदत चार वर्षांची आणि तो मतदारांपुढे उभा राहतो. हैदराबादेत सदर-ए-आझम फक्त निजामाला जबाबदार होता. म्हणजे मुलांना विचारायचे ते इतकेच : या माणसाला घरी कोण पाठवू शकतो?

१३/ ऑक्टोबर १९३८ मध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि मुख्याध्यापक असलेले स्वामीजी तुरुंगात गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘वंदे मातरम्’ चळवळ पेटली. औरंगाबादच्या वसतिगृहांत प्रार्थनेवेळी हे गीत म्हणण्यास बंदी झाली. विद्यार्थ्यांनी संप केला. तो उस्मानिया विद्यापीठापर्यंत पोहोचला. शेकडो विद्यार्थी काढून टाकले गेले. नागपूर विद्यापीठाने आपले दरवाजे उघडले आणि अनेकांचे शिक्षण तेथे पूर्ण झाले. त्यांत पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हेही होते. औरंगाबादचे शिक्षक गोविंदभाई श्रॉफ यांनी सरकारी नोकरी सोडली ती याच मंथनात.

१४/ पहिल्या प्रश्नाचे दुसरे उत्तर इत्तेहादुल मुसलमीनचे होते. बहादूर यार जंग यांच्या नेतृत्वाखाली तिने ‘अनल मलिक’ हा विचार मांडला : सार्वभौमत्व मुस्लिम समाजाचे, निजाम त्याचे प्रतीक. वरकरणी हे राजेशाहीचे समर्थन वाटते. बारकाईने पाहिल्यास सत्ता राजाकडून एका समूहाकडे सरकवण्याचा हा प्रयत्न होता. ‘लोकांचे राज्य’ या कल्पनेत ‘लोक’ हा शब्द एका धर्मापुरता आखून घेतला की काय होते, याचे हे ठळक उदाहरण.

१५/ १९४६ मध्ये या संघटनेचे अध्यक्षपद कासीम रझवी यांच्याकडे गेले. रझवी लातूरला वकिली करत. पुढच्या दोन वर्षांत रझाकारांनी मराठवाड्यात जे अत्याचार केले, त्यांच्या कथा आजही घराघरांत सांगितल्या जातात. सरहद्दीवर सशस्त्र कॅम्प उभे राहिले. ३० जानेवारी १९४८ ला नांदेड जिल्ह्यातील उमरीची बँक लुटून लढ्यासाठी पैसा उभारला गेला. रझाकारांना विरोध करणारे मुसलमानही होते. ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांनी विलीनीकरणाची बाजू घेतली आणि ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांची हत्या झाली.

१६/ १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान शरण आले. येथे बहुतेक कथने थांबतात, आणि येथेच तिसरा प्रश्न विचारावा लागतो. पोलीस कारवाईनंतरच्या आठवड्यांत मुस्लिम वस्त्यांवर भीषण सूड उगवला गेला. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे सर्वाधिक झळ बसलेले जिल्हे म्हणून नोंदवले. संपूर्ण संस्थानातील बळींचा समितीचा अंदाज २७,००० ते ४०,००० असा होता. लातूरचा उल्लेख अहवालात ठळक आहे. शेजाऱ्यांचे प्राण वाचवणाऱ्या हिंदूंच्या नोंदीही त्यात आहेत.

१७/ हा अहवाल अनेक दशके प्रसिद्ध झाला नाही. त्यातील आकड्यांवर वाद आहेत आणि अभ्यासकांनी ते जरूर घालावेत. पण नांदेड-लातूरच्या मुलांना रझाकार शिकवायचे आणि नंतरचे महिने गाळायचे, हा इतिहास अर्धा राहतो आणि नागरिकशास्त्र तर उभेच राहत नाही. रझाकारांचा अन्याय हा राज्याचे संरक्षण नाकारलेल्या प्रजेवरचा अन्याय होता. सप्टेंबरनंतर तेच संरक्षण दुसऱ्या शेजाऱ्याला नाकारले गेले. जीविताचा हक्क बहुमताच्या मर्जीवर सोडायचा नसतो, हा मूलभूत हक्कांचा गाभा येथे रक्ताने लिहिलेला आहे.

१८/ आता राज्यघटनेकडे. संविधान सभेत हैदराबादसाठी जागा राखलेल्या होत्या, पण संस्थानचा एकही प्रतिनिधी तेथे बसला नाही. कारवाईनंतर लष्करी प्रशासन आले. नोव्हेंबर १९४९ मध्ये भारताची राज्यघटना हैदराबादला लागू होईल, हे जाहीर झाले ते निजामाच्या फर्मानाने! ‘आम्ही भारताचे लोक’ ही प्रतिज्ञा या भूमीत एका राजाच्या सहीने आली. २६ जानेवारी १९५० ला तेच मीर उस्मान अली खान राज्यप्रमुख झाले. कालचा सार्वभौम आज घटनेखालचा पदाधिकारी होता.

१९/ असा विरोधाभास एकट्या मराठवाड्याच्या वाट्याला आलेला नाही. फिलाडेल्फियाच्या सभेत ऱ्होड आयलंडने प्रतिनिधी पाठवलाच नाही. ते राज्य १७९० मध्ये संघात सामील झाले. ‘आम्ही लोक’ असे लिहिणाऱ्या त्या सभेत ५५ पुरुष होते, स्त्री एकही नव्हती, आणि प्रतिनिधित्व मोजताना गुलामांची गणती तीन-पंचमांश माणूस म्हणून झाली. अमेरिकेतील गुलामगिरी निर्मूलनाचे मोल महात्मा फुल्यांनी ओळखले होते. १८७३ च्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका त्यांनी अमेरिकेतील त्या सदाचारी लोकांच्या नावे केली. घटनेतला ‘लोक’ हा शब्द प्रत्येक पिढीला रुंदावून घ्यावा लागतो.

२०/ मराठवाड्यात तो कसा रुंदावला? कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादेस महाविद्यालय सुरू केले, तेच पुढचे मिलिंद. शतकानुशतके शाळेबाहेर ठेवलेल्यांची मुले तेथे पदवीधर झाली. त्याच वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज उघडले. निजामी राजवटीत वाढलेले नरहर कुरुंदकर नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक होते, नंतर पीपल्स कॉलेजचे प्राध्यापक आणि प्राचार्य झाले. हैदराबादचा लढा, धर्मनिरपेक्षता आणि राज्यघटना हे विषय त्यांनी गावोगावच्या व्याख्यानांतून सामान्य श्रोत्यांपर्यंत नेले.

२१/ आणि तो शब्द अडलाही. १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव झाला आणि दलित वस्त्या जळल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले. १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. निजामाविरुद्ध समतेची भाषा बोललेल्या प्रदेशाला, घटना लागू होऊन ४४ वर्षे झाल्यावर, घटनेच्या शिल्पकाराचे नाव स्वीकारायला सोळा वर्षे आणि इतके बळी लागले. अनुच्छेद १७ शिकवताना हा पाठ टाळता येत नाही.

२२/ दुसरी बाजूही तितकीच खरी. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत २१ वर्षांवरील प्रत्येक स्त्री-पुरुषाला मत मिळाले. हिप्परगा-अंबाजोगाईचे गुरुजी लोकसभेत गेले. नांदेडच्या नगरपालिकेत काम केलेले शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. ज्या लातुरातून रझवी निघाले, त्याच लातूरने निवडून दिलेले चाकूरचे शिवराज पाटील १९९१ ते १९९६ लोकसभेचे अध्यक्ष होते. आणि १९९४ पासून नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीच्या पदवीधरांच्या प्रमाणपत्रावर ज्या विद्यापीठाचे नाव असते, ते स्वामी रामानंद तीर्थांचे आहे.

२३/ आज नांदेड आणि लातूर ही शिकवणीची शहरे आहेत. ‘लातूर पॅटर्न’साठी महाराष्ट्रभरातून मुले येतात, खोल्या भाड्याने घेतात, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र घोकतात. त्यांच्या कष्टांना नावे ठेवण्याचे कारण नाही. घरची परिस्थिती बदलण्याचा तो खरा मार्ग आहे. पण प्रवेश परीक्षेत नागरिकशास्त्र नाही, आणि शाळेतही ते इतिहासाच्या शेपटाला थोड्या गुणांसाठी जोडलेले. जानेवारी २०२० पासून राज्यातील शाळांत उद्देशिकेचे वाचन सक्तीचे झाले. वाचन झाले, उलगडा कोण करणार?

२४/ त्यासाठी मोठी साधने लागत नाहीत. घरात सातवी-आठवीचे भावंड असेल तर एका रविवारी त्याला घेऊन बसावे. नांदेड किंवा लातूरचे १९३८, १९४८ आणि १९७८ असे तीन प्रसंग सांगावेत. प्रत्येक प्रसंगात तेच तीन प्रश्न विचारावेत : राज्य कोणाचे होते, अडवणारा कोण होता, बाहेर कोण राहिले. मग अमेरिकेचा तक्ता उघडावा. मूल स्वतःच विचारेल की ऱ्होड आयलंड का आले नाही आणि गुलामांचे मत कोणी विचारले का.

२५/ ज्यांच्याकडे पाठ्यपुस्तक नव्हते, सभेची मुभा नव्हती आणि डोक्यावर ‘गश्ती निशाण ५३’ होते, त्या गुरुजींनी मराठवाड्यातल्या एका पिढीला नागरिक व्हायला शिकवले. आजच्या मुलांकडे पुस्तक आहे, मत आहे, न्यायालय आहे. १७ सप्टेंबरला झेंड्याला सलामी देताना त्यांच्यापैकी एखाद्याने ‘मुक्ती कोणाची, आणि कोणाची राहिली?’ असे विचारले, तर त्याला गप्प बसवू नये. तो योग्य वर्गात बसला आहे. (समाप्त)